फर्निचरचा शेवट कधी ठरतो?



उन्हाळ्याच्या या दिवसांत आपल्या शहरांत दोन कामे एकाच वेळी चालू असतात. घरोघरी रंगकाम निघते, भाड्याची घरे बदलली जातात, पुनर्विकासासाठी जुन्या इमारती रिकाम्या होतात आणि त्यांतून सोफे, पलंग, कपाटे, गाद्या बाहेर पडतात. त्याच सुमारास पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई सुरू होते. मुंबईच्या नाल्यांतून गाळाबरोबर गाद्या, सोफे आणि मोडके लाकडी सामानही काढावे लागते. पहिल्या कामात घराबाहेर गेलेल्या वस्तू दुसऱ्या कामात सापडतात, म्हणजे मधल्या वाटेत कोणाची तरी जबाबदारी सुटलेली असते. ती कोणाची, हा आजचा प्रश्न. ‘टाकणाऱ्याची’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. नको झालेल्या फर्निचरला चांगली वाट मिळणार की नाही, हे ते टाकण्याच्या दिवशी थोडेच ठरते. बरेचसे ते विकत घेण्याच्या दिवशीच ठरून गेलेले असते. जी वस्तू सुटी होते, दुरुस्त होते, पुन्हा जोडता येते, तिला पुढचा मालक किंवा पुढचा उपयोग सापडतो. जी होत नाही ती कितीही सद्भावनेने बाहेर काढली, तरी बहुधा कचराडेपोवरच पोचते.

याचा पहिला पुरावा भंगारवाल्याच्या तराजूत आहे. गोदरेजने १९२३ मध्ये लोखंडी कपाटे बनवायला सुरुवात केली. तशी कपाटे आपल्या घरांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या टिकली, आणि निकामी झाली तरी किलोच्या भावाने विकली जातात, कारण पोलाद कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येते. जुन्या सागवानाचेही तसेच आहे. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुनी कपाटे, दारे, खिडक्या विकल्या जातात, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळते, कारण सागाची फळी पुन्हा रंधली, कापली, जोडली तरी ती सागाची फळीच राहते. आता सोफ्याकडे पाहा. आत हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर स्प्रिंगा किंवा पट्टे, मग फोम, वर रेक्झिन, आणि हे सारे शेकडो पिना व गोंदाने एकत्र केलेले. त्यातले थोडे लोखंड सोडले तर बाकीच्याला भाव नाही, आणि ते वेगळे करण्याची मजुरी निघालेल्या मालापेक्षा महाग पडते. म्हणून भंगारवाला तो उचलत नाही. यात त्याचा दोष नाही. वस्तू उलगडताच येणार नाही अशी बनवली गेली, दोष तिथे आहे.

गेल्या काही दशकांत आपल्या घरांतले साहित्यच बदलले. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनने दाबून केलेले तक्ते. पाणी लागले की ते फुगतात, आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. त्यामुळे एका घरातून दुसऱ्या घरात नेताना कपाट सुटे केले, की त्याचे निम्मे आयुष्य तिथेच संपते. गादीची कथा याहून बोलकी आहे. कापसाची गादी दबली की पिंजारी येत असे. तोच कापूस पिंजून, लागला तर थोडा नवा घालून, नव्या खोळीत भरला जाई. गादी संपत नसे, तिचा फेरा चालू राही. फोमच्या गादीसाठी घरोघर फिरणारा असा कारागीर नाही. कारखान्यातल्या स्वच्छ कात्रणांपासून रिबॉन्डेड फोम बनतो, पण वापरलेली गादी तिथपर्यंत नेणारी साखळी आपल्याकडे जवळजवळ नाही.

मग या वस्तू जातात कुठे? काही होळीत जातात, काही थंडीतल्या शेकोटीत. साधे लाकूड जाळणे वेगळे आणि गोंद, सनमायका, रेक्झिन व फोम जाळणे वेगळे. पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही तयार होतो, आणि तो धूर पहिल्यांदा शेकोटीभोवती बसलेल्या रखवालदाराच्या छातीत जातो. उरलेले डेपोवर जाते. देवनारचा डेपो १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला आणि महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ती आग फर्निचरमुळे लागली असे मी म्हणत नाही. पण जे काही जळू शकते ते एका ढिगावर साठवत राहण्याची किंमत काय, हे तिने दाखवले.

यावर अनेकांचे म्हणणे असे, की हा महापालिकेचा प्रश्न आहे. आम्ही कर भरतो, पालिकेने गाडी पाठवावी. या मागणीत तथ्य आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात कचरा टाकण्यास आणि जाळण्यास मनाई केली. नुसती मनाई करून भागत नाही, पर्यायही द्यावा लागतो. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलण्याचे मोठे काम उभे केले. पण त्या कचरावेचकांच्या ढकलगाडीत डबलबेडची गादी मावणार नाही, आणि मावावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मोठ्या सामानासाठी दिवस ठरवून येणारी वेगळी गाडी हवीच. तरीही गाडीने प्रश्न सुटेल असे मानू नका. अमेरिकेत अशी उचल चांगली चालते. तिथल्या पर्यावरण खात्याच्या आकडेवारीनुसार १९६० मध्ये फर्निचर आणि तत्सम घरसामानाचा कचरा सुमारे २२ लाख टन होता, २०१८ मध्ये तो १ कोटी २१ लाख टन झाला. त्यातला सुमारे ८० टक्के जमिनीत गाडला गेला, बहुतेक उरलेला जाळून ऊर्जा काढली गेली, आणि पुनर्वापरासाठी प्रक्रिया झाली ती १ टक्क्याहूनही कमी मालावर. गाडी वस्तू नजरेआड करते. वस्तू मुळात उलगडत नसेल, तर गाडी तिला फक्त अधिक दूर नेते.

म्हणून पैशाची आणि जबाबदारीची साखळी बनवणाऱ्यापर्यंत न्यावी लागते. फ्रान्समध्ये २०१३ पासून नव्या फर्निचरच्या किमतीत त्याच्या शेवटच्या व्यवस्थेची वर्गणी वेगळी दाखवून घेतली जाते. जपानमध्ये मोठी वस्तू टाकायची तर आधी वेळ ठरवून, शुल्काचे स्टिकर विकत घेऊन वस्तूवर चिकटवावे लागते. माझा कौल फ्रान्सच्या पद्धतीला आहे, कारण टाकताना पैसे मागितले की आपल्याकडे रात्रीचा नाला जवळचा वाटेल. खरेदीच्या वेळी घेतलेली रक्कम कोणाला चुकवता येत नाही. प्लास्टिकचे वेष्टन, इ-कचरा आणि बॅटऱ्या यांच्याबाबत आपल्या कायद्याने उत्पादकाची जबाबदारी मान्य केली आहे. फर्निचर आणि गाद्यांचा समावेश त्यात व्हायला हवा.

दुसरा आक्षेप असा, की एवढी चर्चा कशाला, गरजूंना देऊन टाकावे. देण्याजोगे जरूर द्यावे. पण पाय मोडलेली खुर्ची, वास येणारी गादी, ढेकूण झालेला पलंग संस्थेच्या दारात उतरवून देणे म्हणजे विल्हेवाटीचा खर्च आपल्यापेक्षा गरीब माणसाच्या माथी मारणे. ती वस्तू तुमच्या घरी राहायला आलेल्या नातेवाइकाला तुम्ही वापरायला दिली असती का? उत्तर नकारार्थी असेल तर ती दान नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पहिल्या नोकरीवर शहरात आलेल्या जोडप्याला सागवान परवडत नाही, दर अकरा महिन्यांनी घर बदलावे लागते, त्यांनी करायचे काय? त्यांना उपदेश करण्याचा कोणाला अधिकार नाही. पण त्यांच्याचसाठी जुना बाजार महत्त्वाचा आहे. नव्या पार्टिकल बोर्डच्या कपाटाच्या किमतीत अनेकदा जुने लोखंडी कपाट मिळते, जे दहा घरे बदलली तरी टिकेल आणि शेवटी काही पैसेही परत देईल. जुने घेणे म्हणजे हलके घेणे, हा संकोच आपण ज्येष्ठांनी आधी मोडला पाहिजे, कारण लग्नात आणि गृहप्रवेशात सारे नवे कोरे हवे हा आग्रह बहुधा आपलाच असतो.

तेव्हा माझी विनंती सरळ आहे. घेताना विचारा, हे स्क्रूने उघडते की फक्त गोंदाने चिकटवले आहे, आणि याची दुरुस्ती जवळचा सुतार करू शकेल का. काढताना आधी दुरुस्ती, मग विक्री, मग दान आणि शेवटी सुटे करून भंगार, हा क्रम पाळा. वस्तू सुटी केली तर तिचे स्क्रू पिशवीत घालून तिलाच बांधा, वाळवी किंवा ढेकूण असतील तर घेणाऱ्याला खरे सांगा. गृहनिर्माण संस्थांनी पावसाळ्यापूर्वी एक दिवस ठरवून सगळ्यांचे मोठे सामान एकत्र काढावे आणि कोण काय नेणार हे आधी पक्के करावे. पुनर्विकासाच्या करारात जागेच्या चौरस फुटांवर महिनोन्‌महिने चर्चा होते, रिकाम्या होणाऱ्या घरांतल्या सामानाची व्यवस्था कोण करणार याचेही एक कलम त्यात असावे. आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या नगरसेवकाला विचारावे, की आमच्या प्रभागात मोठ्या सामानाची गाडी कोणत्या वारी येणार. हे प्रश्न विचारण्याची सुरुवात आपल्यापैकी प्रत्येकाने पुढच्या खरेदीपासून करावी, एवढेच माझे मागणे आहे.