जूनची फी आणि मार्चची ज्वारी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



या बैठकांत आपण भाव, वीज, कर्ज यांवर बोलतो. आज घरातलं बोलायचं आहे. बारावी करून सोलापूर-पुण्याला शिकायला गेलेल्या पोरापोरींबद्दल.

आपली रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, काढायची फेब्रुवारी-मार्चात. कापूस घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते. कॉलेजची फी मात्र जून ते ऑगस्टात मागतात. त्या दिवसांत आपल्याकडं काय असतं? उधारीचं बी-खत आणि आभाळाकडं लागलेले डोळे. मग डोरलं सोनाराकडं जातं, नाहीतर शेळी बाजारात. आणि हे सगळं आपण पोरांपासून लपवतो. "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो." म्हणायला बरं वाटतं. पण आईच्या गळ्यात काय नाही, ते पोराला पहिल्या सुट्टीतच दिसतं.

आमच्याच घरचं सांगतो, त्याला विचारूनच सांगतोय. थोरला इंजिनिअरिंगला. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. कर्ज काढून पाठवलंय, आता कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून तो गप्प राहिला. परीक्षेची फी पुन्हा भरायला त्यानं रात्रीची मेस बंद केली. आम्ही दर रविवारी फोनवर विचारायचो, "जेवलास का?" तो "हो" म्हणायचा. गावोगाव उत्पादन खर्चाचा हिशेब लिहा म्हणून सांगत फिरणारे आम्ही, आणि घरच्या हिशेबात एक खोटं आमचं, एक त्याचं.

दिवाळीला वाळून आला तेव्हा आईनं ओळखलं. आम्ही आधी ओरडलो, हे कबूल करतो. त्याच्या आईनं मात्र उठून सोसायटीचं पासबुक आणि हातउसन्याची वही त्याच्यापुढं ठेवली. मध्यरात्रीपर्यंत बसलो. ठरलं ते एवढंच: महिन्याची रक्कम एकदाच द्यायची, ती कशी पुरवायची ते त्यानं बघायचं. विषय राहिला तर आठ दिवसांत सांगायचं. आणि त्याच्यासाठी कर्ज काढायचं तर त्याला विचारून काढायचं.

जमिनीत ओल धरली असली की रब्बी ज्वारी पुढं पावसावाचूनही तगते. पोरांचंही तसंच, असं म्हणणार होतो. पण ज्वारी उलट बोलत नाही, पोरं बोलतात. बोलू द्या.

स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या घरी तर हे बोलणं फार लवकर व्हायला हवं. पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका करत वर्षामागून वर्ष जातं. बाप गावात "पोरगा साहेब होणार" सांगून बसलेला, पोरगा त्या शब्दात अडकलेला. किती वर्षं द्यायची, हे एसटीत बसण्याआधी दोघांनी ठरवावं.

आता मुलींचं. पोराला आपण चार वर्षं चुकू देतो, पोरीचा एक विषय राहिला की स्थळं बघायला लागतो. २००४ साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं, त्याआधी पदवीचा कागद कोल्हापूरहून यायचा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारनं माफ केलं. खोली-मेसचा खर्च राहतोच, तो थोडा नाही. पण त्या घरांत "फी झेपत नाही" ही सबब उरली नाही. खरी गोष्ट आपल्या भीतीची आहे, लोक काय म्हणतील याची. अठरा पूर्ण झाली की ती कायद्यानं सज्ञान. तिच्या खात्याचं कार्ड तिच्या हातात द्या, भावाच्या नव्हे.

उत्पन्नाचा दाखला तुमच्या तालुक्यात कुठं अडतोय, ते पुढच्या बैठकीला लिहून आणा. आमचा थोरला सुट्टीला आलाय, मागं बसलाय. यंदा कापूस कमी करून तूर घ्या म्हणून सकाळपासून भांडतोय. ते भांडण घरी जाऊन पुरं करायचं आहे.