उशाशी बसणारे माणूस



घरात मोठे दुखणे आले म्हणजे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. पहिले चार दिवस माणसांची रीघ लागते. मग एकेकाचे येणे कमी होते. रात्री घर निजले, की अंथरुणावरचे माणूस आढ्याकडे बघत पडते आणि मनाशी विचारते, "मी असे काय पाप केले होते?" अंगाच्या दुखण्याला औषध असते, पण या प्रश्नाला काय औषध? शीख धर्मात या प्रश्नाला कसे तोंड दिले आहे, ते आज थोडक्यात सांगतो.

शिखांचे आठवे गुरू हरिकृष्ण. १६६१ साली ते गुरुपदावर आले, तेव्हा त्यांना सहावे वर्ष चालू होते. म्हणजे आपल्या पहिलीतल्या पोराएवढे! १६६४ साली ते दिल्लीत असताना शहरात देवीची साथ होती. परंपरा सांगते, की हे बालक रोग्यांना पाणी पाजीत, धीर देत हिंडले. शेवटी त्यांनाही देवी आल्या आणि आठ वर्षे पुरी होण्याआधीच ते गेले.

आता विचार करा. ज्यांना सारे शीख गुरू मानतात, त्यांनाही रोगाने सोडले नाही. मग आजारी पडला तो पापीच असला पाहिजे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? दुखणे म्हणजे देवाने आपल्याला टाकले अशी खूण नव्हे. रोग्याच्या छातीवरचे अर्धे ओझे एवढ्या एका गोष्टीने उतरते.

दुसरी गोष्ट 'सुखमनी'ची. ही पाचवे गुरू अर्जन यांची रचना. तिच्यात २४ अष्टपदी आहेत. सावकाश म्हटली तर दीड तास लागतो. शीख घरात कुणी अंथरुणाला खिळले, की घरातले किंवा शेजारचे कुणी उशाशी बसून ती वाचते. रोग्याला ओठ हलवण्याची ताकद नसली तरी तो ऐकतो. या वाचनाने ताप उतरतो, असे मी म्हणणार नाही. तापाला डॉक्टरच हवा. पण दीड तास एक माणूस आपल्यासाठी जवळ बसले आहे, हे रोग्याला कळते ना? ते काही थोडे नाही.

शीख लोक परमेश्वराच्या इच्छेला 'हुकूम' म्हणतात. जे आले ते न कुरकुरता सोसावे, ही त्यांची शिकवण. पण सोसणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, बरं का! स्वतःचे दुःख सोसावे आणि दुसऱ्याचे दिसले की धावून जावे, अशी ती दुहेरी शिकवण आहे.

हे कसे ते पाहा. १६०६ साली लाहोरात गुरू अर्जन यांना हालहाल करून मारण्यात आले. ते त्यांनी शांतपणे सोसले, असे शीख परंपरा सांगते. तिथे त्यांच्या स्मरणार्थ डेरासाहिब गुरुद्वारा आहे. त्याच गुरुद्वाऱ्यात १९३४ साली कुणीतरी एक अपंग मूल टाकून गेले. चारएक वर्षांचे असेल. ना धड बोलता येई, ना चालता. तिथे सेवा करणाऱ्या पूरनसिंगांनी त्याला उचलले. पुढे कित्येक वर्षे त्यांनी ते पोर पाठीवर वाहिले. १९४७ साली फाळणी झाली, तेव्हाही त्याला घेऊनच ते अमृतसरला आले. तिथे निर्वासितांच्या छावणीत आजारी, लुळी, बेवारशी माणसे पडलेली होती. त्यांची सेवा करता करता 'पिंगलवाडा' नावाचा आश्रम उभा राहिला. १९९२ साली पूरनसिंग गेले; आश्रमाचे काम चालू आहे.

हा धर्म आपल्याला परका नाही. आपल्या नामदेवांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. दहावे गुरू गोविंदसिंग यांचा देह १७०८ साली आपल्या नांदेडात पडला. यापुढे ग्रंथालाच गुरू माना, असे त्यांनी तिथेच सांगितले, असे शीख मानतात. म्हणून ग्रंथातली वाणी कुणी उशाशी वाचली, की त्या रोग्याला प्रत्यक्ष गुरूच जवळ आल्यासारखे वाटते.

शिक्षकबंधूंनो, या बालगुरूंची गोष्ट मुलांना जरूर सांगा. वर्गातले एखादे पोर दुखण्याने महिनाभर आले नाही, तर दोघांना त्याच्या घरी पाठवा. नायटा, खरूज असे लागणारे काही असेल तर दारातून हाक मारू द्या. पण हाक मारू द्या.

आणि श्रोते हो, तुम्हांला एवढेच सांगणे. शेजारी कुणी आजारी असेल, तर पहिल्या दिवशी सगळेच जातात. तुम्ही विसाव्या दिवशी जा. "काय पाप केलंस बाबा?" असे विचारू नका. "काही हवं का?" एवढेच विचारा. अभंग म्हणा, ओवी म्हणा, नाहीतर नुसते बसा. डॉक्टरचे काम डॉक्टर करील. उशाशी बसण्याचे काम मात्र तुमचे-माझे आहे.