कुदळ-फावड्याचा तह

तह मंत्री करतात. ज्यांच्या घरचीं माणसें रणांत पडलीं, त्यांना त्याची वार्ता वर्तमानपत्रांतून कळते. १९१९ सालीं व्हर्साय येथें असा एक तह झाला. फ्रान्स व जर्मनी यांच्यांतील वैर त्यानें कागदावर मिटलें. मनांत तें दुणावलें.

दुसऱ्याच वर्षीं फ्रान्समधील व्हर्दन शहराजवळच्या एन् नांवाच्या खेड्यांत एक निराळा प्रयोग झाला. १९१६ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत व्हर्दनची लढाई चालली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारें तीन लाख सैनिक मेले. एन् गांव त्याच टापूंत होता. शेतांत नांगर घालावा तर न फुटलेला तोफगोळा लागावा, अशी त्या भूमीची दशा होती.

तेथें कुदळ घेऊन आले पियेर सेरेसोल. हे स्वित्झर्लंडमधील एंजिनिअर. त्यांचे वडील त्या देशाचे अध्यक्ष होऊन गेलेले. लष्करी कर भरण्याचें नाकारून मुलानें मात्र तुरुंग पत्करला. १९२० सालीं हॉलंडमधील बिल्टहोव्हन येथें शांतिवाद्यांची परिषद भरली होती. परिषदांत ठराव होतात, तसे तेथेंही झाले असतील. सेरेसोल यांना ठरावांपेक्षां काम हवें होतें. त्यांनीं जमविलेली तुकडी हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी होती; परंतु तींत स्विस, इंग्रज व डच यांच्या जोडीला जर्मनही होते. त्यांनीं निराश्रितांसाठीं लांकडी घरें उभारलीं, रस्ते नीट केले, शेतें मोकळीं केलीं.

या पद्धतीचें मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. वैऱ्यांचीं मुलें नुसतीं समोरासमोर बसविलीं, तर प्रत्येक बाजू आपल्या मृतांची यादी उघडते, आणि दोन्ही याद्या खऱ्याच असतात. मग बोलणें खुंटतें. परंतु दोघांना मिळून एक तुळई उचलावयाची असली म्हणजे पावलें एकदम टाकावीं लागतात, एकाचा तोल गेला तर दुसऱ्याच्या पायावर ती पडते. याद्या तेव्हांही विसरल्या जात नाहींत; पण संध्याकाळीं भाकरी मोडतांना त्या वाचण्याचा सूर बदललेला असतो.

तथापि एन् येथील काम पांच-सहा महिन्यांतच बंद पडलें. जर्मनांची उपस्थिति तेथें सहन होईना. जर्मनांना वगळून काम पुढें चालवितां आलें असतें. गांवाला घरांची गरज होतीच. सबंध तुकडीनें कुदळी खालीं ठेवल्या व ती गांव सोडून गेली. गांवकऱ्यांना यांत दोष देणें सोपें आहे. ज्यांचीं मुलें त्याच मातींत पुरलेलीं होतीं, त्यांच्याकडून चार वर्षांत एवढी क्षमा मागणें हेंही जडच होतें. पण तुकडीनें केलें तेंच योग्य. जर्मनांना सोडून बांधलेलें घर हें नुसतें घरच झालें असतें.

बीज मात्र वांया गेलें नाहीं. ऱ्हाइन नदीच्या पुरानें लिश्टेनस्टाइन हें चिमुकलें राज्य गाळांत बुडालें, तेव्हां १९२८ सालीं तो उपसण्यासाठीं वीसएक देशांतून सातशेंवर स्वयंसेवक आले. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भूकंप झाला. गांधीजींशीं सेरेसोल यांचा परिचय १९३१ सालींच स्वित्झर्लंडांत झालेला होता. ते बिहारला आले आणि राजेंद्रप्रसादांच्या सहकार्यानें मुजफ्फरपुराकडे नवीं गांवें वसविण्याच्या कामीं लागले. त्यांतील एकाचें नांव शांतिपुर. सेरेसोल यांच्या सोबत्यांत इंग्रजही होते. राज्यकर्त्यांच्या जातीचा तरुण हिंदी मजुराच्या बरोबरीनें माती वाहतो, हें दृश्य त्या काळीं लहान नव्हतें.

फ्रान्स-जर्मनींत याच मार्गाला राजमान्यता मिळण्यास आणखी एक महायुद्ध व्हावें लागलें. २२ जानेवारी १९६३ रोजीं द गोल व आडेनौअर यांनीं करार केला आणि त्याच वर्षीं दोन्ही देशांच्या तरुणांसाठीं एक संयुक्त कार्यालय स्थापन झालें. त्याच्या द्वारें आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण एकमेकांच्या देशांत राहून आले आहेत.

२००३ सालीं बर्लिन येथें दोन्ही देशांचे सुमारें पांचशें विद्यार्थी जमले. त्यांनीं मागणी केली, ती सहलीची नव्हे, पुस्तकाची: आम्हां दोघांना इतिहास एकाच पुस्तकांतून शिकवा. शिक्षकाच्या कानाला याहून गोड मागणी कोणती असणार! त्या पुस्तकाचा पहिला भाग २००६ सालीं निघाला. दोन राष्ट्रांचीं मतें जेथें भिन्न आहेत, तेथें तीं शेजारीं शेजारीं मांडलेलीं आहेत. जर्मनींत प्रांतोप्रांतींचे अभ्यासक्रम निराळे असल्यामुळें तें थोड्याच वर्गांत पोंचलें. परंतु पुढें जर्मनी व पोलंड यांनींही तीच वाट धरली, आणि त्यांच्या संयुक्त पुस्तकाचा पहिला भाग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला.