टायरचा धूर

मंडळी, जुना टायर पेटला की कसा काळा धूर निघतो, ते आपण पाहिलेच आहे. त्यावरून आम्ही एक हकिकत सांगतो.

अमेरिकेत चॅम्पलेन नावाचे लांब सरोवर आहे. एका काठावर टायकोंडेरोगा गावी कागदाचा कारखाना. समोरच्या काठावर व्हरमाँट राज्य. कारखान्याने ठरवले, तेल महाग, आपण टायरचे तुकडे जाळू. पण वारा बहुधा वाहतो व्हरमाँटकडे! कारखाना इकडे, धूर तिकडे.

तिथले लोक म्हणाले, "आधी धुरातली बारीक राख धरणारे यंत्र बसवा." ही राख छातीत खोल जाते, बरं का. यंत्र काही बसले नाही. व्हरमाँट सरकार कोर्टात गेले, पण कोर्टाने चाचणी अडवली नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये टायर पेटले. दोन आठवडे जाळून पाहायचे होते. थोड्याच दिवसांत राख ठरलेल्या हद्दीबाहेर गेली. कारखान्याने चाचणी थांबवली, अन् पुढे तो बेतच सोडून दिला.