माळवद, स्लॅब आणि थापी

(मराठवाड्यातील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'पर्यावरणपूरक बांधकाम' या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेतल्या दोघीतिघी चहाकडे वळल्या, ते मी पाहिले. त्यांची काही चूक नाही. हा विषय आपल्यापर्यंत येतो तो गुळगुळीत कागदावर छापलेल्या मातीच्या घरांच्या फोटोंतून. त्या फोटोत भिंत असते, भिंत लिंपणारी बाई नसते. म्हणून मी आज बाईपासूनच सुरुवात करते, आणि माझ्या एका चुकीपासून.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी या भागात आले तेव्हा घरकुलाचे अर्ज भरून देणे हे माझे मोठे काम होते. एका गावात एक मावशी एकट्या राहत. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. पावसात दोन ठिकाणी गळायचे. मावशी म्हणायच्या, "ताई, एवढं माळवद नीट करून द्या, मला दुसरं काय नको." पण आमच्या हातातल्या योजनेत पैसे नव्या घराला होते, दुरुस्तीला नव्हते. मीच त्यांना पटवले. जुने घर पाडले. पुढचा हप्ता लांबला, तोवर सळई-सिमेंटचे भाव वाढले, गुत्तेदार दुसऱ्या कामावर गेला, आणि स्लॅबऐवजी पत्रे पडले. आता उन्हाळ्यात दुपारभर मावशी समोरच्या लिंबाखाली बसतात. मी गेले की चहा विचारतात. घराविषयी बोलत नाहीत.

तुमच्यापैकी कुणीतरी लगेच म्हणेल, माळवदानेच तर माणसे मारली! खरे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. मी तेव्हा लहान होते, पण इथे अशा बाया बसल्या आहेत ज्यांनी आपल्या हाताने माती उपसली. त्यांच्यासमोर 'मातीची घरे किती छान' असे बोलायची माझी हिंमत नाही.

पण ती घरे का पडली, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीची भिंत बाहेरून एकसंध दिसायची. आत मात्र दोन वेगळ्या भिंती असत. एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या, आणि मध्ये गोट्यांची भर. दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड नव्हता, कोपरे एकमेकांत गुंफलेले नव्हते. धक्का बसला तशा दोन्ही बाजू सुटल्या. आणि वर माळवदाचे ओझे. तुळया, त्यावर किलचन, त्यावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा आणखी एक हात द्यायचा. जुनी माती काढायची पद्धत राहिली नाही, नवी चढत गेली. ही माती वाहून नेली कुणी? आपणच, डोक्यावर पाटी घेऊन. घर जपायला टाकलेला हा थर छातीवर येईल, हे आपल्याला कुणी सांगितले नाही, कारण बांधकामाचे शास्त्र बायांना सांगायची गोष्टच नव्हती.

भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसवली. रुंद सरळ रस्ते, एकसारखी घरे. शेजार तुटला, पाणी-शेत लांब पडले, कित्येक संडासांत कडबा आणि गोवऱ्या भरल्या. दुसरीकडे बाराशेच्या वर गावांत लोकांनी आपली जुनी घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत केली. आपण त्यातून काय शिकलो हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. भिंतीत भोक पाडून आरपार जोड घालायचा, दाराखिडक्यांच्या वरून घरभर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, खांब-तुळईच्या कोनात तिरपा आधार द्यायचा, माळवदावरची जादा माती उतरवायची. स्वयं शिक्षण प्रयोगाने महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायिका म्हणून उभे केले. अनुदानाचा हप्ता, सिमेंटचे प्रमाण, पट्टा खरोखर घातला की नाही, हे त्या गावात विचारू लागल्या. पुढे 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बाया तिकडच्या बायांशी बोलायला गेल्या. अभियंते आधीच पोचले होते, तरी बायांनी बायांना सांगायच्या गोष्टी उरल्याच होत्या.

आता सिमेंटकडे येते. चुनखडी सुमारे 1450 अंशांवर भाजून सिमेंट होते. भट्टीच्या जळणाचा धूर निघतोच, पण भाजताना त्या दगडातूनही कार्बन वायू सुटतो. जगभरातल्या अशा वायूंपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचे आहेत. वाळूचे तर आपल्याला डोळ्यांनी दिसते. नदीचे पात्र खरवडले की काठच्या विहिरी खाली जातात, आणि हंडा आणखी लांब न्यावा लागतो. स्लॅबचा हा हिशेब कुठल्याही अंदाजपत्रकात लिहीत नाहीत.

म्हणून सिमेंट सोडा, असे मी म्हणणार नाही. गरिबाच्या घरातली चार पोती कमी करून पृथ्वी वाचवायची, आणि शहरात वाहनतळाचे सहा मजले उभे करायचे, हा न्याय मला मान्य नाही. पण तेराव्या पोत्याऐवजी आठव्या पोत्यात भागत असेल, सिमेंट पट्ट्यात आणि कोपऱ्यात घालून बाकी भिंत गावच्या दगडाची ठेवता येत असेल, तर ते आपल्याला माहीत हवे. पडलेल्या घराचा दगड, सागाची तुळई भंगारच्या भावाने विकण्याआधी चौकशी हवी. मावशींच्या तुळया मी विकू दिल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती सांगायला पुरुष तज्ज्ञ विसरतात. मातीचे घर स्वस्त, थंड, निसर्गाला धरून. पण ते टिकते सारवणावर. शेण गोळा करणे, माती कालवणे, पोतेरा, सण आला की पुन्हा. या कामाची मजुरी शून्य. एका बैठकीत मी मातीच्या भिंतीचे गुण सांगत होते, तेव्हा एक सून म्हणाली, "ताई, फरशी घातल्यापासून माझी कंबर दुखत नाही." मी गप्प बसले. जे घर बाईच्या फुकट श्रमावर तगते त्याला टिकाऊ म्हणायचे का, याचा विचार पर्यावरणवाल्यांनी करावा. चुना मिसळून गिलावा टिकाऊ करता येतो, सारवण घरातल्या पुरुषांनाही करता येते. हात त्यांनाही आहेत.

आणि साइटवर काय चालते? पुरुष गवंडी, बाई बिगारी. वीस वर्षे घमेले वाहिलेली बाई मिस्त्री होत नाही. तिच्याच हाताखाली आलेला पोरगा पाच वर्षांत थापी धरतो. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला, पण हजेरीपुस्तकात दोन दर. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात पन्नासहून जास्त बाया असतील तिथे पाळणाघर लिहिले होते. आपल्या घरकुलावर बाया असतात तीन, आणि पोर वाळूच्या ढिगावर. झारखंडात शौचालये बांधताना बायांनी थापी हातात घेतली, तिथे त्यांना राणी मिस्त्री म्हणतात. आपल्याकडे काय अडले आहे?

2016 पासूनच्या घरकुल योजनेचे नियम काढून वाचा. घर पती-पत्नी दोघांच्या नावे, किंवा बाईच्या. किमान 25 चौरस मीटर, त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली. स्थानिक साहित्याला आणि स्थानिक रचनेला वाव आहे. बांधकाम लाभार्थीने स्वतः करायचे, गुत्तेदार नेमायचा नाही! ग्रामीण गवंड्यांचे 45 दिवसांचे प्रशिक्षणही आहे. पुढच्या ग्रामसभेत विचारा, आपल्या तालुक्यातून त्यात बाया किती गेल्या. मी मावशींच्या वेळी हे नियम वाचले नव्हते. गुत्तेदाराचा फोन नंबर मात्र माझ्या डायरीत होता.

भाषण पुरे करते. जेवणानंतर मागच्या अंगणात दगड, माती, ओळंबा आणि थाप्या मांडल्या आहेत. गवंडीकाम शिकलेल्या आपल्याच दोघीजणी आरपार दगड कसा बसवायचा ते दाखवणार आहेत. साडीचा पदर खोचून या. मावशीही आल्या आहेत. पत्र्याखाली किलचन आणि मातीचा पातळ थर देता येईल का, हे त्यांना त्या दोघींना विचारायचे आहे.