गिरणीची वही आणि अर्जातला निबंध

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त शाळेच्या सभागृहात झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अर्ज करताना जो वैयक्तिक निबंध लिहावा लागतो, त्याविषयी मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले, तेव्हा महोत्सवाच्या व्यासपीठावर हा विषय कितपत शोभेल, अशी शंका काहींनी बोलून दाखविली. या शाळेच्या वेळापत्रकात निबंधलेखनाचा तास साठ वर्षे आहे. आज आपली मुले गणितात कोणाला हार जात नाहीत, इंग्रजीतही आता फारशी अडत नाहीत. अडतात ती नेमकी निबंधाशी. तेव्हा हा विषय शाळेचाच आहे, असे मी मानते. एका व्यवस्थापन संस्थेत शिकविताना प्रवेश-अर्ज वाचण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्यातून जे ध्यानात आले, तेवढेच सांगणार आहे.

आधी एक घोटाळा दूर करते. कॅट परीक्षेनंतर आपल्या काही आय.आय.एम. लेखनक्षमतेची चाचणी घेतात. तिथे एखादा विषय समोर ठेवतात आणि ठरावीक मिनिटांत त्यावर मत मांडायचे असते. तो निबंध मुलांना येतो, कारण तो मुद्देसूद विचारांचा असतो. मी बोलते आहे तो निराळा. आपल्या गचिबौलीतली इंडियन स्कूल ऑफ बिझनेस आणि परदेशांतील बहुतेक नामांकित संस्था अर्जासोबतच निबंध मागवितात. घरी बसून, सवडीने लिहायचा, आणि विषय एकच: तुम्ही. स्टॅनफर्डचा प्रश्न तर प्रसिद्धच आहे. तुमच्या लेखी सर्वांत महत्त्वाचे काय, आणि का? हार्वर्डने बरीच वर्षे एकच मोकळा प्रश्न ठेवला होता. २०२४ मध्ये त्याच्या जागी तीन छोटे प्रश्न आले, एकाला ३०० आणि उरलेल्या दोहोंना २५० शब्दांची मर्यादा. न्यूयॉर्क विद्यापीठाची स्टर्न ही संस्था होणाऱ्या वर्गमित्रांना आपली ओळख सहा चित्रांतून करून द्यायला सांगते, प्रत्येक चित्राखाली एक ओळ. त्याआधी तिथे शब्द, चित्र, जवळपास कोणतेही माध्यम चालत असे.

पालक विचारतात, व्यापार शिकायला जाणाऱ्याला ही ललित उठाठेव कशासाठी? कारण व्यावहारिक आहे. गुण, पगार, पदे, पारितोषिके अर्जातल्या इतर रकान्यांत आलेलीच असतात. शिवाय या संस्थांतले बरेचसे अध्यापन चर्चेने चालते. एखाद्या उद्योगापुढचा खराखुरा पेच वर्गापुढे मांडतात आणि वर्ग त्यावर वाद घालतो. हार्वर्डची तर बहुतांश शिकवण या पद्धतीवर उभी आहे. अशा वर्गात शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, हा शिक्षणाचाच भाग असतो. त्या बाकावर बसणाऱ्याने काय पाहिले आहे आणि पाहिलेल्याचे काय केले आहे, हे कळावे म्हणून निबंध.

आता आपली मुले काय करतात ते पाहू. आपल्याला शाळेत निबंधाची दोन साचेबंद रूपे मिळाली. एकात आपण फाटके पुस्तक, पडका किल्ला नाहीतर म्हातारा बैल होऊन आत्मवृत्त सांगत होतो. दुसऱ्यात पंतप्रधान होत होतो. सुरुवातीला सुभाषित, शेवटी कवितेची ओळ. त्या निबंधांनी भाषा दिली, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. पण दहा वर्षांत एकदाही आपण आपल्याविषयी लिहिले नाही. त्यात भर घरच्या संस्कारांची. स्वतःविषयी बोलणे म्हणजे आत्मप्रौढी, म्हणून आपण ‘मी केले’ असे न म्हणता ‘माझ्या हातून झाले’ म्हणतो, आणि पुढे ‘थोरांच्या आशीर्वादाने’ हे असतेच. आपले व्याकरणही या संकोचाला मदत करते. कर्ता गाळून सुंदर वाक्य करता येते. मग इंग्रजीत अर्ज लिहायची वेळ आली की हाच मुलगा दुसऱ्या टोकाला जातो. प्रत्येक वाक्यात मी, प्रत्येक ‘मी’ला एक आकडा, आणि जगाच्या पाठीवर कोठल्याही गावच्या मुलाने लिहावे तसे नेतृत्वाचे स्तोत्र. एका बैठकीत मी असे चाळीस निबंध वाचलेले आहेत. संध्याकाळी त्यांतला एकही आठवत नसे.

खरे तर आपल्या भाषेत या प्रकाराचा उत्तम वारसा आहे. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. सभेत त्यांची ओळख करून देताना वडील, सासरे, पती अशा थोर माणसांच्या नात्याने करून दिली जाते, आणि बाईंना त्यात काहीतरी उणे वाटत राहते. पुढे रस्त्यात खेळणारी मुले त्यांच्याकडे पाहून आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून त्यांना ओळखतात, आणि ती ओळख पूर्ण होते. एवढ्या विदुषीने त्या लेखात स्वतःच्या संशोधनाचा गाजावाजा केलेला नाही. तरी तो वाचून त्या कोण होत्या हे जेवढे कळते, तेवढे पदव्यांच्या यादीतून कळत नाही. ज्याला अर्जातला निबंध लिहायचा आहे त्याने हा लेख एकदा, शक्य तर मोठ्याने, वाचावा.

एक उदाहरण सविस्तर सांगते. या शाळेचाच एक विद्यार्थी. नाव सांगत नाही, सांगण्यापुरती त्याची परवानगी घेतली आहे. दहावी इथून, पुढे अभियांत्रिकी, नंतर संगणक क्षेत्रात चार वर्षे नोकरी. वडिलांची काचीगुड्याला पिठाची गिरणी. ज्या संस्थेचे अर्ज मी वाचत असे तिथे तो अर्ज करणार नव्हता, म्हणूनच मी त्याचा मसुदा वाचायला घेतला.

मसुद्यात असे होते: वडिलांचा उधारीचा व्यवहार जुन्या वहीत चालत असे, त्याने तो मोबाइलवर आणला, ग्राहकांना थकबाकीचे संदेश आपोआप जाऊ लागले आणि वसुली भराभर वाढली. आकडे खरे होते, तक्ताही जोडला होता. मी त्याला विचारले, ‘त्या वहीत काय लिहिलेले असे?’ तो म्हणाला, ‘काही नाही, मॅडम. नावेसुद्धा नव्हती.’

नावे नव्हती, मग होते काय? ‘पिवळे दार’. ‘रेल्वेवाले, धाकटे’. ‘वरच्या मजल्यावरच्या आजी’. ‘भाजणीवाल्या’. गिरणीत मराठी घरांची भाजणी येते, तशी संक्रांतीच्या आधी तेलुगू घरांची तांदळाची पिठी येते, सकिनालूसाठी, अरिसेलूसाठी. आपल्या शहरातली ही सरमिसळ आपण रोज पाहतो आणि म्हणून ती दिसेनाशी होते. वडिलांना दीडेकशे घरांची दळणे ठाऊक होती. कोण जाडसर घेते, कोणाच्या घरी मधुमेह झाल्यामुळे गव्हाची जागा ज्वारीने घेतली, हे सारे. नाव मात्र क्वचितच. मोबाइलवर नोंद करायची तर नाव हवे आणि क्रमांक हवा. मुलाने दोन रविवार बसून ते गोळा केले, संदेश सुरू केले, आणि पुढच्या महिन्याभरात सात घरांचे डबे यायचे बंद झाले.

हे मसुद्यात नव्हते. ‘ते कशाला लिहायचे?’ असे त्याने मला विचारले, आणि त्याच्या जागी असणारे शंभरातले नव्वद जण हेच विचारतील. अर्ज हा आपला चांगला चेहरा दाखवायची जागा, अशी आपली समजूत. मी त्याला लिही असेही म्हटले नाही, नको असेही नाही. त्या सात घरांपैकी कोणाला भेटलास का, एवढेच विचारले.

तो गेला. वरच्या मजल्यावरच्या आजींना भेटला. बोलणे तेलुगूत झाले. त्याने मला मराठीत सांगितले ते असे. आजी म्हणाल्या, ‘तुझ्या वडिलांना माझं नाव माहीत नव्हतं, पण मी पैसे कधी देणार ते माहीत होतं. तुला नाव कळलं आणि तू तारीख विचारलीस.’

निबंध इथे सुरू झाला. दुसऱ्या मसुद्यात वसुलीचा आकडा राहिला, कारण तो खोटा नव्हता. पण त्याच्या शेजारी सात डबे आले. आणि पहिल्या मसुद्यात जो प्रश्न त्याला सुचलाच नव्हता तो आला. छोट्या दुकानदाराची वही पत ओळखते म्हणजे नेमके काय ओळखते, आणि ते यंत्रात उतरवताना काय गळते? लहान व्यापाऱ्यांच्या कर्जव्यवहारात काम करायचे त्याच्या मनात होतेच. का करायचे, याचे उत्तर आता काचीगुड्यात होते. स्टॅनफर्डच्या प्रश्नातला ‘आणि का?’ हा भाग अवघड म्हणतात तो यासाठी. ‘काय’ हे कोणीही लिहितो. प्रामाणिकपणा, कुटुंब, देश, काहीही. ‘का’ लिहायला मात्र एखादी जागा, एखादा डबा, एखाद्या माणसाचे बोलणे लागते.

निबंध पाठविण्यापूर्वी मी त्याला एक काम सांगितले, जे मी सर्वांनाच सांगते. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना तो त्यांच्या भाषेत वाचून दाखव. वडिलांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून तो वाचता वाचता मराठी करीत गेला. एका वाक्यापाशी थांबला. कुटुंबाच्या मागासलेल्या व्यवसायाला आपण आधुनिक दृष्टी दिली, अशा अर्थाचे ते वाक्य होते. इंग्रजीत ते अगदी सुरळीत होते. गिरणीच्या गल्ल्यावर, वडिलांच्या समोर, ‘मागासलेला’ हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. वाक्य गेले.

वडिलांनीही एक दुरुस्ती केली. आजी थकबाकीचे पैसे मुकाट्याने गल्ल्यावर ठेवून डबा उचलून गेल्या, हा प्रसंग मुलाने स्वतः पाहिल्यासारखा लिहिला होता. वडील म्हणाले, ‘तू नव्हतास त्या दिवशी. डबा मीच उचलून दिला त्यांना. आणि एकशे दहा नाही, साठ रुपये होते.’ मग तो परिच्छेद बदलला: हे वडिलांनी मला पुढे सांगितले, असे झाले. माझ्या मते निबंधातला सर्वांत चांगला भाग तोच. आपल्या कर्तबगारीने वडिलांच्या गल्ल्यावर काय घडले हे मुलाला वर्षभराने, निबंध वाचून दाखवताना कळते, याहून मोठी गोष्ट ६५० शब्दांत कोणती मावणार होती?

त्याला एका संस्थेने नाकारले, एकीने घेतले. नाकारण्याची कारणे या संस्था सांगत नाहीत, तेव्हा निबंधामुळे प्रवेश मिळाला असे मी म्हणणार नाही.

पालकांसाठी दोन शब्द. मुलाचा निबंध आपण लिहू नये, आणि काकांच्या ओळखीच्या सल्लागाराकडूनही लिहवून घेऊ नये. अर्जावर हे लेखन माझे आहे अशी ग्वाही मुलाने दिलेली असते, हे एक कारण. दुसरे असे की पन्नाशीतल्या माणसाचे वाक्य पंचविशीतल्या अर्जात लगेच ओळखू येते. आता चॅटजीपीटीकडूनही मसुदे येतात. त्यांत व्याकरणाची चूक नसते, आणि पिवळे दारही नसते. यंत्राला ते दार कोणी दाखविलेलेच नाही. आपल्याला करण्यासारखे एक काम मात्र आहे: मुलाने वाचून दाखविले तर ऐकावे, आणि जिथे ‘असे झाले नव्हते’ असे वाटेल तिथे तसे सांगावे. कौतुक नंतर करता येते.

एक प्रश्न आज सकाळपासून मला चौघांनी विचारला. मराठी माध्यमात शिकल्याचा उल्लेख निबंधात करावा की टाळावा? काही मुले तो लपवितात, काही त्याचे भांडवल करतात. सहानुभूती मिळेल या आशेने लिहिलेले हालअपेष्टांचे वर्णनही मी पुष्कळ वाचले आहे. वाचणारा ते ओळखतो. सांगायच्या गोष्टीला शाळा लागत असेल तर ती यावी. आजींशी तेलुगूत, गिऱ्हाइकांशी दखनीत, वडिलांशी मराठीत आणि संस्थेशी इंग्रजीत बोलणारा मुलगा आपल्या भाषांविषयी न बोलताही ते सांगून जातो. गोष्टीला शाळा लागत नसेल तर ओढूनताणून आणू नये. शिक्षणाच्या तपशिलात शाळेसाठी वेगळा रकाना असतो. आपली बरीच मुले तिथे शाळेचे नाव आद्याक्षरांत लिहितात, म्हणजे माध्यम कळू नये. तिथे नाव पूर्ण लिहावे. जागा पुरते, मी मोजून पाहिले आहे.