कायमची नोकरी आणि मनाजोगते काम

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



‘नोकरी बदलू पाहणाऱ्या तरुणांस चार शब्द’ असा विषय चिटणिसांनी मला नेमून दिला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी १९७५ सालचा मॅट्रिक. त्यानंतर डी.एड. करून १९७८ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालो आणि २०१७ मध्ये त्याच सेवेतून निवृत्त झालो. ज्याने उभ्या आयुष्यात एकदाही नोकरी बदलली नाही, त्याने या विषयावर काय बोलावे? तथापि या बाबतीत मी एकदा सल्ला दिला होता व तो चुकला होता. ती हकीकत सांगण्याचा अधिकार मला खचितच आहे, एवढ्याच आधारावर आज आपणापुढे उभा आहे.

आपण सारे शिंपी समाजातील. आमचे वडील सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी मशीन चालवीत व आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ते मशीन बैलगाडीत घालून बाजारच्या गावी नेत. दिवाळी, लग्नसराई आणि जूनमधील शाळेचे गणवेश या तीन हंगामांत रात्र रात्र जागून काम चाले. उरलेल्या महिन्यांत, विशेषतः भर पावसाळ्यात, मशीनवर फडके टाकलेले असे. वडिलांना कापणीचा मोठा आनंद. पाटावर कापड पसरून, खडूची रेघ ओढून कात्री चालवू लागले म्हणजे ते कोणाशी बोलत नसत. परंतु कोपरी शिवून दिली की तिचे पैसे मिळण्यास सुगीची वाट पाहावी लागे आणि वर्षाचा बराच काळ उधारी मागत दारोदार हिंडण्यात जाई. ते काम त्यांना मनापासून नकोसे वाटे. म्हणूनच आम्हां दोघा भावांना त्यांनी मशीनवर बसू दिले नाही. “महिन्याच्या महिन्याला हातात पडेल ते खरे,” असे ते म्हणत. त्या काळी आपल्या समाजातील पुष्कळ घरांतून हेच घडले. कायमची नोकरी ही आपल्या वडिलांना भूषण म्हणून नव्हे, उधारीतून सुटका म्हणून हवी होती, हे आजच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, मुंबईस एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. काही वर्षे बदली कामगार म्हणून काढल्यावर ते कायम झाले. परंतु वडिलांची कात्री त्यांच्या हातात उतरली होती. पहिल्या पाळीहून आले की लालबागेत एका ओळखीच्या दुकानात ते शिवणकाम करीत. १९८१ च्या दिवाळीनंतर त्यांनी मला आंतर्देशीय पत्र लिहिले : डोंबिवलीस एक गाळा भाड्याने मिळत आहे, थोडी शिल्लक जमली आहे, गिरणी सोडून दुकान घालावे असे मनात आहे, तू शिकलेला आहेस, तुझे मत कळव. थोरल्या भावाने बावीस वर्षांच्या धाकट्याचे मत विचारावे, याने मी फुगून गेलो. उलटटपाली चार पृष्ठांचे पत्र धाडले. वडिलांची उधारी, वहिनी, लहान मूल, कायमपणाचे महत्त्व, सारे त्यात होते. ‘आवड ही रविवारी जोपासावी’ असेही एक वाक्य होते. दादांनी माझे ऐकले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते आणि तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. दादांच्या गिरणीचे दार त्यांच्यापुरते पुन्हा उघडले नाही. दोन वर्षांत शिल्लक संपली, वहिनींचे दागिने गेले. मग दुकान घातलेच, परंतु ते हाती भांडवल नसताना, दुसऱ्याच्या ओट्यावर, उसन्या मशीनवर. दिवाळीनंतर जो गाळा मिळत होता, तो केव्हाच दुसऱ्याने घेतला होता.

कोणी म्हणेल, संप होणार हे तुम्हांला कसे ठाऊक असावे? खरे आहे. परंतु संप हे निमित्त झाले. गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, मालक नव्या यंत्रांत पैसा घालीत नव्हते, भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्त कापड काढीत होते. आणि हे सर्व दादा स्वतः साचेखात्यात पाहत होते. त्यांच्या पत्रात त्याविषयी दोन ओळी होत्यादेखील. त्या मी वाचल्या, पण विचारात घेतल्या नाहीत. ‘कायम’ या शब्दापाशी माझी बुद्धी थांबली. आपली नेमणूक कायम असते ती एका आस्थापनेत. ती आस्थापना स्वतः कायम आहे काय, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

हे सांगण्यास मला आज कारण घडले आहे. दादांची कन्या, म्हणजे माझी पुतणी, २०१४ पासून पुण्यास एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. वय ३५, पती खाजगी कंपनीत, एक मुलगा चौथीत, घराचे कर्ज चालू. गेल्या वर्षी ती मजकडे आली व म्हणाली, “काका, मला नोकरी सोडायची आहे.” नाटकांचे कपडे शिवणारी एक कार्यशाळा तिला बोलावीत आहे. अंगरखे, बाराबंद्या, जुन्या वळणाच्या चोळ्या कापण्याचे काम. पगार आजच्या निम्म्याहून थोडा अधिक. आमच्या वडिलांनी ज्या मशीनपासून आम्हांला सोडविले, त्या मशीनकडे त्यांची नात परत निघाली होती! आणि सोबत तिने माझे १९८१ चे पत्र आणले होते. दादांनी ते जपून ठेवले होते, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी मला त्याबद्दल एक शब्दही कधी ऐकविलेला नाही.

माझी पहिली इच्छा झाली की तिला म्हणावे, “जा बाई, जा.” एका चुकीची भरपाई दुसऱ्या टोकाच्या सल्ल्याने करण्याचा मोह माणसास होतो. परंतु दादांच्या वेळी मी त्यांची स्थिती पाहिली नव्हती, वडिलांची पाहिली होती. आता तिची स्थिती न पाहता दादांची पाहिली असती, तर चूक तीच झाली असती. म्हणून आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम ती नेमके काय सोडणार आहे ते पाहिले. येथे पुष्कळांचा गैरसमज असतो. मी जुन्या निवृत्तिवेतन योजनेतला. मी मध्येच राजीनामा दिला असता, तर नियमाप्रमाणे मागील सारी सेवा जप्त होऊन निवृत्तिवेतनाचा हक्क गेला असता. सोडणे म्हणजे सर्वस्व सोडणे होते. परंतु महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर जे लागले, त्यांच्यासाठी अंशदानाची पद्धत आली. या योजनेत जमलेली रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यात असते व राजीनामा दिला तरी ते खाते त्याच्याबरोबर येते. अलीकडे या योजनांत फेरबदल झाले आहेत, तेव्हा आपण कोणत्या योजनेत आहोत हे प्रत्येकाने कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. सांगावयाचे ते असे की काका आणि पुतणी या दोघांच्याही नोकरीस लोक ‘कायम’ म्हणतात, पण सोडताना दोघांचे नुकसान सारखे नाही. खाजगी नोकरीत असणाऱ्यांनीही तारखा पाहाव्यात. उपदान, ज्यास आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, ते कायम कामगारास सामान्यतः पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते आणि भविष्य निर्वाह निधीबरोबरचे निवृत्तिवेतन मिळण्यास दहा वर्षे भरावी लागतात. साडेचार वर्षांनी रागाच्या भरात राजीनामा फेकणारे गृहस्थ मी आपल्याच समाजात पाहिले आहेत.

त्याच्या उलट परतीची वाट. सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गास ३८ व राखीव प्रवर्गास ४३ ही सर्वसाधारण वयोमर्यादा आहे. पस्तिशीत सोडलेली खुर्ची पुन्हा मिळेल असे समजू नये. घराच्या कर्जाचा हप्ता एकट्या पतीच्या पगारातून फिटतो काय, किती महिने फिटतो, हेही मांडले. आकडे मी येथे सांगत नाही. एवढेच सांगतो की आठ महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय निघू नये, असे तिचे तिनेच ठरविले. त्या वेळी तिच्यापाशी तीन महिन्यांचा होता.

मग मी तिला विचारले, तुला नकोसे काय झाले आहे : लिपिकाचे काम, की त्या टेबलाशेजारची माणसे? शिक्षकांच्या बदल्या मी पुष्कळ पाहिल्या. ‘शिकविण्याचा कंटाळा आला’ असे म्हणणारा शिक्षक दुसऱ्या गावी गेला की पुन्हा फळ्यापुढे रमतो. त्याला कंटाळा मुख्याध्यापकाचा आलेला असतो. (मी स्वतः सात वर्षे मुख्याध्यापक होतो, म्हणून हे म्हणण्यास हरकत नाही.) तिने विचार करून सांगितले की माणसे चांगली आहेत, कामाचाच वीट आला आहे.

येथे थोर माणसांची उदाहरणे देण्याचा प्रघात आहे, म्हणून दोन देतो. दादासाहेब फाळके यांनी पुरातत्त्व खात्यातील सरकारी नोकरी सोडली, पुढे आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. व्याख्यानांतून ही कथा येथेच संपविण्यात येते. परंतु सरस्वतीबाईंचे दागिने त्यात गेले, सबंध मंडळींचा स्वयंपाक करून फिल्म धुण्याचे कामही त्या माउलीने केले, आणि १९४४ मध्ये नाशिकला दादासाहेब वारले ते विपन्नावस्थेत. त्यांनी केले ते चुकले असे म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. पण त्या आनंदाची किंमत कोणी कोणी भरली, ते सांगितल्याशिवाय तरुणांस हे उदाहरण देऊ नये. दुसरे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे. १९०७ मध्ये ते कलकत्त्यास सरकारी हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर लागले. सकाळी कचेरीपूर्वी आणि सायंकाळी कचेरीनंतर तेथील विज्ञानसंस्थेत जाऊन ते प्रयोग करीत. असे दहा वर्षे केले आणि १९१७ मध्ये, कमी वेतन पत्करून, विद्यापीठात प्राध्यापक झाले. ती दहा वर्षे मला नोबेल पारितोषिकाहूनही विचार करण्याजोगी वाटतात.

पुतणीला मी दहा वर्षे थांब म्हणालो नाही. परंतु शासकीय कार्यालयांस २०२० च्या फेब्रुवारीअखेरपासून पाच दिवसांचा आठवडा झाला आहे. शनिवार तिचा मोकळा असतो. सरकारी सेवकास परवानगीवाचून दुसरा व्यवसाय वा नोकरी करता येत नाही, म्हणून एक पैसाही न घेता, केवळ शिकण्यासाठी, तिने वर्षभर शनिवारी त्या कार्यशाळेत बसावे असे ठरले. तेथे तिला कळले की कापणीचा आनंद दिवसातून दीड-दोन तास असतो. उरलेला वेळ अस्तर लावणे, उसवणे, नटाचे पोट वाढले म्हणून चौथ्यांदा माप घेणे आणि निर्मात्याकडे बिलासाठी फोन करणे यांत जातो. शेवटचे ऐकून मला वडिलांची आठवण झाली. तिलाही झाली असावी, कारण ती हसली. तरीही दर शनिवारी ती जातच राहिली.

मी स्वतः सुरक्षित नोकरीत सुखी होतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पगार ठरलेला, नोकरी जाण्याची भीती नाही, म्हणून मुलांना घेऊन मी निर्धास्तपणे ओढ्याकाठी वर्ग भरवीत असे. डोक्यावर टांगती तलवार असती तर मी पुस्तकाबाहेर एक ओळ शिकविली नसती. तेव्हा सुरक्षितता ही आनंदाची वैरीण आहे असे नवे लोक म्हणतात, ते मला पटत नाही. कित्येकांचा आनंद तिच्या सावलीतच वाढतो. मात्र ज्याचा वाढत नाही, त्याला आळशी किंवा चंचल म्हणण्याचे आपण सोडून द्यावे.

आणि मंडळालाही एक विनंती आहे. आपल्या वधू-वर सूचीत बहुतेक अपेक्षांच्या रकान्यात ‘नोकरी कायमस्वरूपी’ असे छापलेले असते. पुतणी सोडण्याचा विचार करीत आहे हे कळताच तिच्या धाकट्या भावासाठी आलेल्या एका स्थळाने चौकशी थांबविली. घरातील एकाने नोकरी बदलली म्हणून दुसऱ्याचे लग्न अडावे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? तरुणांच्या मनातील भीती निम्मी पोटाची असते व निम्मी आपण निर्माण केलेली. दुसरी निम्मी कमी करणे आपल्या हाती आहे. पुढील सूची छापताना कार्यकारिणीने त्या रकान्याचा विचार करावा.

पुतणीचे काय झाले, असे मध्यंतरात दोघातिघांनी विचारले. तिच्यापाशी आता सात महिन्यांचा खर्च जमला आहे. रोज सोमवार ते शनिवार हे काम जमते काय हे पाहण्यासाठी, शिकाऊ म्हणूनच, तिने दोन महिन्यांची अर्जित रजा मागितली आहे. अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. दादा आता डोळ्यांनी अधू झाले आहेत, तरी तिने आणलेल्या अंगरख्याच्या बाहीवरून त्यांनी बोटे फिरविली आणि बगलेत कापड तिरपे कापावयास हवे होते असे सांगितले. मी त्या १९८१ च्या पत्राविषयी विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, तुझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं.”

मला दिलेली वेळ संपली आहे.